जीएस की ग्रँट? मुंबईतली दोन नामांकित मेडिकल कॉलेजं शेजारी ठेवून पाहताना

नीटचा निकाल लागलाय, राज्याच्या यादीत नाव बरंच वर आलंय आणि आता सीईटी सेलच्या अर्जात पसंतीक्रम भरायचाय. अशा घरांत दरवर्षी एकच चर्चा रंगते: पहिल्या ओळीत परळचं जीएस टाकायचं की भायखळ्याचं ग्रँट? बहुतेक जण मागच्या वर्षीचा कटऑफ उघडतात, जीएसचा आकडा वर दिसतो आणि विषय तिथेच संपतो. कटऑफ खोटा नसतो. पण आधीच्या मुलांनी काय निवडलं, एवढंच त्यातून कळतं. ते तुम्हाला मानवेल का, हे त्यातून कळत नाही.

ही दोन कॉलेजं कोणी काढली, कोणाच्या पैशातून काढली आणि कोणती अट घालून काढली, यात आजच्या फरकाचं निम्मं उत्तर दडलेलं आहे, असं माझं ठाम मत आहे. एक सरकारचं, दुसरं महापालिकेचं. कागदावर हा तपशील किरकोळ वाटतो. पण वॉर्डात तुम्हाला कोण शिकवणार, तो माणूस तिथे किती वर्षं टिकणार आणि समोरच्या खाटेवरचा रुग्ण कुठून आलेला असणार, हे सगळं त्या मालकीवरच ठरतं. म्हणून आधी थोडा इतिहास आणि मग आजचं बोलू.

नावांचा गोंधळ आधीच मिटवून टाकू. ग्रँट हे कॉलेज आणि सर जेजे हे त्याचं रुग्णालय. सेठ जीएस हे कॉलेज आणि केईएम हे त्याचं रुग्णालय. बोलताना लोक कॉलेजला ‘जेजे’ किंवा ‘केईएम’ही म्हणतात, पण अर्जात कॉलेजचं नाव शोधावं लागतं.

ग्रँट: आधी पडझड, मग पाया

मुंबईत पाश्चात्त्य वैद्यक शिकवण्याचा पहिला सरकारी प्रयत्न १८२६चा. डॉ. जॉन मॅकलेनन यांच्या देखरेखीखाली एक शाळा निघाली. इंग्रजी वैद्यकाचं ज्ञान देशी भाषांत आणून मुलांना शिकवायचं, अशी तिची कल्पना होती. ती १८३२मध्ये बंद पडली, कारण हा प्रयोग फसला असं सरकारचं मत झालं. १८३५मध्ये सर रॉबर्ट ग्रँट गव्हर्नर म्हणून आले आणि त्यांनी हा विषय पुन्हा हातात घेतला. डॉ. चार्ल्स मोरहेड या कामात त्यांचे सहकारी होते. पण १८३८च्या जुलैत ग्रँट यांचं पुण्याजवळ दापोडीला निधन झालं. त्यांचं स्मारक म्हणून कॉलेजच उभारायचं ठरलं, लोकांनी वर्गणी दिली. सर जमशेटजी जिजीभाई यांनी रुग्णालयासाठी एक लाख रुपये देऊ केले. १८४३च्या जानेवारीत रुग्णालयाची कोनशिला बसली आणि १८४५मध्ये रुग्णालय आणि कॉलेज दोन्ही सुरू झालं. मोरहेड पहिले प्राचार्य झाले.

‘देशातलं पहिलं’ हे बिरुद ग्रँटला कोणी लावलं तर मान डोलावू नका. कलकत्ता आणि मद्रासची कॉलेजं १८३५ची. आपल्या शेजारच्या पणजीतली पोर्तुगीजांची वैद्यकीय शाळा १८४२ची, म्हणजे ग्रँटहून तीन वर्षांनी मोठी. तीच पुढे गोवा मेडिकल कॉलेज झाली. ग्रँटचं मोठेपण पहिलं असण्यावर अवलंबून नाहीच. ते कशावर आहे, हे पाहायचं तर पहिल्या काही पिढ्यांतली माणसं पाहावीत.

१८५१मध्ये जी पहिली तुकडी बाहेर पडली, तिच्यात भाऊ दाजी लाड होते. राणीच्या बागेतल्या वस्तुसंग्रहालयाला आज ज्यांचं नाव आहे ते हेच. त्यांनी कुष्ठरोगावर औषध शोधण्यासाठी वर्षानुवर्षं काम केलं, गरिबांना फुकट तपासलं आणि शिलालेख आणि नाणीही तितक्याच जिद्दीने वाचली. आत्माराम पांडुरंग तर्खडकर हेही ग्रँटचेच. १८६७मध्ये प्रार्थना समाज स्थापन करण्यात ते पुढे होते. १८८३मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी निघाली, तिच्या संस्थापकांतले दोन भारतीय म्हणजे आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. दोघेही डॉक्टर, दोघेही याच परंपरेतले. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईच्या सार्वजनिक जीवनाचा धागा ओढत गेलात, की तो अनेकदा भायखळ्याच्या या आवारात येऊन पोचतो. मराठी माणसाला ग्रँटबद्दल जो जिव्हाळा वाटतो, त्याचं मूळ इथे आहे आणि तो अगदी रास्त आहे.

शिक्षकांतही मोठी माणसं होती. ‘ग्रेज अॅनाटॉमी’ या जगभर वापरल्या जाणाऱ्या ग्रंथातली चित्रं काढणारे हेन्री व्हँडाइक कार्टर १८५८मध्ये मुंबईत आले, ग्रँटमध्ये शरीररचनाशास्त्र शिकवू लागले आणि पुढे प्राचार्यही झाले. १८९६मध्ये मुंबईत प्लेग शिरला, तेव्हा मांडवीत तो पहिल्यांदा ओळखणारे डॉ. अकासिओ व्हिएगस हे मूळचे गोव्याचे आणि ग्रँटमध्ये शिकलेले. प्लेगवरची लस शोधण्यासाठी वाल्देमार हाफकिन यांना जागा मिळाली ती ग्रँट कॉलेजातच, मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. तीनेक महिन्यांत लस तयार करून १० जानेवारी १८९७ला त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर तिची चाचणी झाली.

विसाव्या शतकात डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर हे इथलं ठळक नाव. मूळ गोव्यातल्या शिरोड्याचे, ग्रँटमधून पदवीधर झाले आणि तिथेच प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रियांसाठी गर्भाशयमुखाला टाका घालण्याची त्यांची पद्धत आजही जगभर ‘शिरोडकर स्टिच’ म्हणून शिकवली जाते. मुंबईत स्त्रियांना वैद्यकाचा दरवाजा उघडला तोही १८८०च्या दशकात ग्रँटने. डॉ. जेरुशा झिराड तिथूनच शिकून पुढे स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून नावारूपाला आल्या. पुढच्या काळात मेंदूविकारांत डॉ. नोशीर वाडिया आणि प्लास्टिक सर्जरीत डॉ. नोशीर अँटिया यांनी जेजेचं नाव मोठं केलं. अँटिया यांनी कुष्ठरोग्यांच्या वाकड्या झालेल्या हातांवर शस्त्रक्रिया करून ते पुन्हा कामाला लावले. भाऊ दाजींनी ज्या आजाराशी झुंज घेतली, तोच आजार, तेच आवार आणि मध्ये शंभर वर्षं. मला हे फार मोलाचं वाटतं.

डागही सांगायला हवा. १९८६मध्ये जेजेत भेसळीचं ग्लिसरॉल दिलं गेल्याने १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी करून औषध खरेदीपासून वरच्या पातळीपर्यंतचा कारभार उघडा पाडला. सरकारी यंत्रणेत औषध कसं विकत घेतलं जातं आणि ते कोण तपासतं, हा प्रश्न डॉक्टर होणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावा असा आहे. तिथे शिकणाऱ्याने तर हे प्रकरण मुळातून वाचावं.

जीएस: अट घालून दिलेली देणगी

ग्रँटमध्ये शिकणारे भारतीय होते, पण शिकवण्याच्या महत्त्वाच्या जागा बराच काळ ब्रिटिश सरकारच्या इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांकडे राहिल्या. लंडनहून एमडी, एफआरसीएस होऊन आलेल्या भारतीय डॉक्टरलाही मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात शिकवायला जागा मिळणं मुश्कील होतं. शहरातल्या डॉक्टरांच्या मनात ही सल वर्षानुवर्षं होती.

त्यातून दोन कॉलेजं निघाली. असहकाराच्या लाटेत १९२१मध्ये नॅशनल मेडिकल कॉलेज निघालं, तेच आजचं टोपीवाला नॅशनल म्हणजे नायर. दुसरं जीएस. मुळजी जेठा घराण्यातले व्यापारी शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या मालमत्तेच्या विश्वस्तांनी कॉलेजसाठी मोठी रक्कम दिली आणि एक अट घातली: इथले शिक्षक पात्रताधारक भारतीय असतील आणि ते सरकारी नोकरीतले नसतील. ज्या काळात सरकारी नोकरी म्हणजेच प्रतिष्ठा होती, त्या काळात ही अट घालायला हिंमत लागत होती. सातवा एडवर्ड बादशहा गेल्यावर जमलेला स्मारक निधी आणि मुंबई महापालिकेचा पैसा यांतून शेजारी रुग्णालय उभं राहिलं. इमारतीचा आराखडा जॉर्ज विटेट यांचा, म्हणजे गेटवे ऑफ इंडिया घडवणाऱ्यांचाच. १९२६मध्ये कॉलेज आणि केईएम सुरू झालं. गिरणगावाच्या मधोमध, जिथे लाखो कामगार चाळींत राहत होते तिथे.

पहिले डीन डॉ. जीवराज मेहता. ते स्वतः ग्रँटचे विद्यार्थी, पुढे लंडनला शिकलेले, गांधीजींवर उपचार केलेले, स्वातंत्र्यचळवळीत तुरुंगात गेलेले आणि १९६०मध्ये गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झालेले. १९४२पर्यंत त्यांनी ही संस्था घडवली. दोन्ही कॉलेजांत जुनं वैर आहे असं मुलं कौतुकाने सांगतात, त्यांना एवढं सांगावं की जीएसची घडी एका ग्रँटवाल्याने बसवली.

बाहेर मोठी प्रॅक्टिस असलेले नामांकित डॉक्टर मानद म्हणून इथे येऊन शिकवायचे. त्यांना सगळे ‘ऑनररी’ म्हणत. या पद्धतीने केईएमला एक वेगळा बाणा दिला. संशोधनाची चटकही लवकर लागली. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या आपल्याकडच्या वनस्पतीचा रक्तदाबावरचा परिणाम केईएममधल्या रुग्णांवर तपासला. १९४९मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये त्यांचा लेख आला आणि रक्तदाबाच्या औषधोपचाराला जगभर नवी दिशा मिळाली. १९५७मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. १९६८च्या फेब्रुवारीत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी इथे भारतातलं पहिलं हृदयप्रत्यारोपण केलं. केपटाऊनला जगातलं पहिलं प्रत्यारोपण होऊन तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते. रुग्ण काही तासांतच दगावला, पण महापालिकेच्या रुग्णालयात त्या काळी हे धाडस झालं, ही गोष्ट लहान नाही. ६ ऑगस्ट १९८६ला डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून हर्षा चावडा हिचा जन्म इथेच झाला. शास्त्रीय नोंदींच्या आधारे सिद्ध झालेलं भारतातलं ते पहिलं टेस्टट्यूब बाळ. डॉ. शरदिनी डहाणूकर यांनी औषधशास्त्र विभागात आयुर्वेदातल्या वनस्पतींची आधुनिक कसोट्यांवर परीक्षा घेतली आणि तेच विज्ञान मराठीत सोपं करून लिहिलं. कॉलेजच्या शिक्षकांनी १९५५मध्ये सुरू केलेलं ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ आजही निघतं आणि देशाबाहेरही वाचलं जातं.

या संस्थेच्या नावाशी अरुणा शानबाग हे नावही कायमचं जोडलेलं आहे. १९७३च्या नोव्हेंबरमध्ये रुग्णालयातच झालेल्या अमानुष हल्ल्यानंतर त्या ४२ वर्षं अंथरुणावर होत्या. २०१५मध्ये त्या गेल्या, तोवर परिचारिकांच्या पिढ्यांमागून पिढ्यांनी त्यांची काळजी घेतली. त्यांच्या अंगाला शय्याव्रण, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा, होऊ दिल्या नाहीत. ज्या आवारात त्या सुरक्षित राहू शकल्या नाहीत, त्याच आवारातल्या बायकांनी त्यांना सोडलं नाही. डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलाने यातल्या दोन्ही बाजू लक्षात ठेवाव्यात.

आज या फरकाचं काय उरलंय?

अभ्यासक्रमात काहीच नाही. दोन्ही कॉलेजं नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेली आहेत, प्रश्नपत्रिका एकच, पदवी एकच. एमबीबीएसच्या जागाही दोन्हीकडे २५०. त्यातल्या ८५ टक्के राज्य कोट्यातून आणि १५ टक्के अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. फी खासगी कॉलेजांच्या मानाने दोन्हीकडे अगदी कमी. पदवीनंतर एक वर्षाच्या सक्तीच्या सेवेचा बाँडही दोन्हीकडे आहे. यंदाची नेमकी फी आणि बाँडच्या अटी सीईटी सेलच्या माहितीपुस्तिकेतच पाहा, कोणाच्या ऐकीव आकड्यावर जाऊ नका.

फरक पडतो तो शिक्षकांत. ग्रँटचे प्राध्यापक राज्य सरकारचे कर्मचारी, त्यामुळे त्यांची बदली महाराष्ट्रात कुठेही होऊ शकते: लातूर, अकोला, कोल्हापूर, मिरज. जिल्ह्याजिल्ह्यांत नवी सरकारी कॉलेजं निघतात, तेव्हा तिथल्या जागा भरायला जुन्या कॉलेजांतली अनुभवी माणसं हलवली जातात. जीएसचे प्राध्यापक महापालिकेचे. त्यांची बदली झालीच तर नायर, सायन किंवा कूपरला, म्हणजे मुंबईतल्या मुंबईत. परिणाम असा की केईएममध्ये एखादं युनिट, म्हणजे विभागातली डॉक्टरांची एक तुकडी, वर्षानुवर्षं त्याच माणसांच्या हाताखाली राहतं, त्यांच्या हाताखालचा रेसिडेंट पुढे तिथेच लेक्चरर होतो आणि शिकवण्याची एक रीत पिढीतून पिढीत जाते. तिथल्या मुलांना आपल्या सरांचे सर कोण होते हे पाठ असतं, ते याचमुळे. जेजेतही अशी युनिटं आहेत, मात्र बदलीची टांगती तलवार तिथे जास्त आहे. रिकाम्या जागा आणि कंत्राटी नेमणुका यांचा त्रास दोन्हीकडे आहे, त्यात कोणी धुतल्या तांदळाचं नाही.

उलट बाजूही आहे. बदल्यांमुळे ग्रँटमध्ये गावोगावी काम करून आलेली माणसं शिकवायला मिळतात. साप चावलेल्या माणसाला तालुक्याच्या रुग्णालयात कसं वाचवायचं, हे त्यांनी स्वतः केलेलं असतं. पुढे आपल्या जिल्ह्यात परत जायचं मनात असलेल्या मुलाला ही शिदोरी फार उपयोगी पडते.

दुसरा फरक रुग्णांचा. केईएममध्ये गर्दी अफाट. संस्थेच्याच आकडेवारीनुसार वर्षाला साधारण १८ लाख रुग्ण ओपीडीत येतात आणि ८५ हजार दाखल होतात. खाटा अठराशेच्या वर, तरी जमिनीवर गाद्या टाकाव्या लागतात. एकाच भव्य इमारतीत सगळे विभाग एकमेकांना लागून, शेजारी वाडियांची मुलांची आणि बाळंतपणाची रुग्णालयं, पलीकडे टाटा मेमोरियल आणि हाफकिन संस्था. हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९मध्ये परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाऊसमध्ये आली, ती आज केईएमपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. देशात इतकं वैद्यक इतक्या थोड्या जागेत एकवटलेली ठिकाणं फार नाहीत. गुंतागुंतीचे, दुसरीकडे निदान न झालेले रुग्ण इथे येतात. विद्यार्थ्याला हे वैभव आहे, पण अट एकच: गर्दीत घुसून शिकण्याची तयारी हवी. जो मागे उभा राहतो, त्याला एका खाटेभोवती जमलेल्या घोळक्यातून काहीच ऐकू येत नाही.

जेजेची रचना वेगळी. मुख्य रुग्णालयाचा परिसर सुमारे ४४ एकरांचा, जुन्या इमारती सुट्या सुट्या आणि खाटा सुमारे १,३५०. मात्र कॉलेजला बराच काळ आणखी तीन रुग्णालयं जोडलेली होती: सेंट जॉर्जेस, गोकुळदास तेजपाल म्हणजे जीटी, आणि कामा अँड आल्ब्लेस. त्यातली जीटी आणि कामा २०२४मध्ये मुंबईतल्या नव्या सरकारी मेडिकल कॉलेजकडे गेली, सेंट जॉर्जेस राहिलं. त्यामुळे विद्यार्थ्याला एकाहून जास्त ठिकाणची कामाची पद्धत दिसते. मुख्य आवारात पोलीस केसेस, शवविच्छेदन आणि तुरुंगातून आणलेले रुग्ण यांचं प्रमाण मोठं, त्यामुळे न्यायवैद्यकाचं शिक्षण पुस्तकापुरतं राहत नाही. राज्याचं रुग्णालय असल्याने नंदुरबार-गडचिरोलीपासून पाठवलेले रुग्णही येतात. डॉ. तात्याराव लहाने यांच्या काळात नेत्रविभागाकडे खेड्यापाड्यांतून मोतीबिंदूचे रुग्ण येत, ते याच नात्याने. लातूरकडच्या कित्येक घरांत जेजे हे नाव तेव्हापासून घरातलं झालं.

मोठ्या आपत्तीत दोन्ही रुग्णालयं उभी राहिली आहेत. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री जखमींचा मोठा भार जेजे, सेंट जॉर्जेस आणि जीटीवर पडला, कामा तर स्वतःच हल्ल्याच्या टप्प्यात सापडलं. २९ सप्टेंबर २०१७ला एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली, तेव्हा जखमी केईएमला नेले गेले. अशा रात्री इंटर्न काय शिकतो, ते कोणत्याही लॉगबुकात मावत नाही.

भाषेचाही विचार करा, विशेषतः मुंबईबाहेरून येणाऱ्यांनी. परळ-लालबाग पट्ट्यामुळे आणि कोकण-घाटावरून येणाऱ्यांमुळे केईएमच्या वॉर्डात मराठी भरपूर कानावर पडते. जेजेच्या भोवती नागपाडा, भेंडीबाजार, डोंगरी. तिथे हिंदी-उर्दूवाचून पान हलत नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना पहिले काही महिने इंग्रजीचं दडपण दोन्हीकडे येतं, सहा महिन्यांत ते सरतं. कॉलेज निवडताना ते कारण धरू नका.

वसतिगृहं दोन्हीकडे अपुरी. एका खोलीत किती जण आणि पहिल्या वर्षी खोली मिळते का, हे आत्ता तिथे शिकणाऱ्या मुलांनाच विचारा. प्रवेशाच्या आधी एक दिवस काढून दोन्ही आवारं डोळ्यांनी पाहून या. घर मुंबई परिसरात असेल तर लोकलचा हिशेबही मांडा. ग्रँटला भायखळा आणि सँडहर्स्ट रोड ही मध्य आणि हार्बरची स्थानकं जवळ. केईएमला मध्य रेल्वेचं परळ आणि पश्चिम रेल्वेचं प्रभादेवी दोन्ही सोयीचं. विरार-वसईकडच्या मुलाला हा रोजचा मोठा फरक आहे.

परदेशाचं काय, हे हमखास विचारलं जातं. २०२३मध्ये आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला वर्ल्ड फेडरेशन फॉर मेडिकल एज्युकेशनची दहा वर्षांसाठी मान्यता मिळाली, त्यामुळे अमेरिकेच्या परीक्षांसाठी पात्रतेत या दोघांत फरक उरत नाही. माजी विद्यार्थी अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये दोन्हींचे भरपूर आहेत. विद्यार्थी असताना संशोधनात हात घालायचा असेल, तर जीएसमध्ये वातावरण जास्त तयार आहे. तिथे विचारणारे आणि करवून घेणारे दोन्ही सापडतात.

मग यादीत वर कोण?

मी जीएस वर ठेवेन. कटऑफमुळे नाही. युनिटांचं सातत्य, एका छपराखाली मिळणारी रुग्णांची विविधता, संशोधनाची सवय आणि हुशार सोबत्यांमुळे बसणारा रेटा, या चारही गोष्टी साडेपाच वर्षांत माणसाला घडवतात. १९२६ची ती अट आज कायद्याने लागू नसली, तरी ‘आमचं आम्ही उभं केलं’ हा कणखरपणा तिथल्या माणसांत मला अजून जाणवतो.

ग्रँट वर टाकावं असं मी तिघांना सांगेन. ज्याला सरकारी आरोग्यसेवेत, जिल्हा रुग्णालयात किंवा आपल्या तालुक्यात काम करायचं आहे त्याला. राज्याची यंत्रणा आतून कशी चालते आणि कुठे अडते, हे जेजेत जितकं जवळून दिसतं तितकं परळला दिसत नाही. ज्याला न्यायवैद्यकाची ओढ आहे त्याला. आणि ज्याला अफाट गर्दीत आवाज न फुटण्याची भीती वाटते त्याला. काम एकाहून जास्त रुग्णालयांत विभागल्यामुळे तिथे शांत मुलालाही रुग्णाच्या जवळ पोचायला थोडी जास्त जागा मिळते. पीजीसाठी या निवडीचा फारसा फरक पडत नाही, कारण ती जागा नीट-पीजीच्या गुणांवर मिळते आणि जेजेचे रेसिडेंट केईएममधून आलेले किंवा केईएमचे जेजेतून आलेले असणं ही नेहमीची गोष्ट आहे.

पसंतीक्रम भरताना खरोखर हवं ते कॉलेज वर लिहा. ‘मिळणार नाही’ म्हणून खाली ढकलू नका, वरचं नाव लिहिल्याने खालची जागा जात नाही. पहिल्या फेरीत दुसरं कॉलेज मिळालं, तर पुढच्या फेरीत वर सरकण्याचे नियम त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत नीट वाचून मगच जागा पक्की करा. हे नियम बदलत असतात. आणि दोन्ही हुकली, तर तिसऱ्या-चौथ्या ओळीत नायर, सायन आणि पुण्याचं बीजे बिनधास्त लिहा. बीजेची मूळ शाळा १८७८ची आणि ससून रुग्णालयातलं काम तोडीस तोड. मुंबईचाच हट्ट नसेल, तर पुण्यात राहण्याचा खर्चही थोडा हलका पडतो.